एका ग्लासात चार थर

मोठ्या हॉटेलांत उभ्या ग्लासात खाली लाल, मध्ये पिवळे आणि वर निळे असे पेय आणून ठेवतात. रंग एकमेकांत मिसळत नाहीत याचेच पिणाऱ्याला अप्रूप. तळाला साखरेचा पाक असतो आणि दारूचे प्रमाण जास्त असलेला थर सहसा वर, कारण शुद्ध अल्कोहोलची घनता 0.79 म्हणजे पाण्यापेक्षा कमी आहे. आपल्याला दारूची गरज नाही. साखर, पाणी, खाण्याचे रंग आणि एक चमचा एवढ्यावर आष्टी तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत असा ग्लास तयार करता येतो, आणि तास संपल्यावर पिताही येतो.

चार भांड्यांत प्रत्येकी 100 मिलिलिटर पाणी घ्या. पहिले तसेच ठेवा, पुढच्या तिघांत अनुक्रमे 15, 30 आणि 45 ग्रॅम साखर विरघळवा आणि प्रत्येकाला वेगळा रंग द्या. साध्या पाण्याची घनता 1 धरली तर बाकीच्यांची सुमारे 1.05, 1.1 आणि 1.13 होते. सर्वांत गोड द्रावण आधी ओता. त्यावर पुढचे ओतताना चमचा उपडा करून ग्लासाच्या आतल्या बाजूला, पृष्ठभागाच्या किंचित वर टेकवा आणि त्याच्या पाठीवरून बारीक धार सोडा. धारेचा वेग चमच्यावर मोडतो. वरून जोरात ओतले तर धार खालच्या थरात घुसते आणि सगळे ढवळून निघते. दुसऱ्या ग्लासात मुद्दाम उलट क्रम ठेवा, पण काय होईल ते मुलांकडून आधी वदवून घ्या.

आता खरी अडचण भाषेची. तेल पाण्यापेक्षा दाट, मग ते खाली बसायला हवे, असे बरीच मुले म्हणतात. यात मुलांचा दोष नाही. ‘दाट’ हा शब्द आपण सावकाश वाहणाऱ्या पदार्थाला वापरतो. तो गुण घनतेचा नाही, श्यानतेचा आहे. शेंगदाण्याचे तेल दाट खरे, पण त्याची घनता 0.91 च्या आसपास, म्हणून ते तरंगते. मध दाटही आणि घनही (सुमारे 1.4). ‘जड पाणी’ हा आणखी एक घोटाळा. साबणाला फेस न येणाऱ्या बोअरच्या पाण्याला आपण जड म्हणतो, पण त्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असले तरी लिटरचे वजन जास्तीत जास्त एखाद्या ग्रॅमने वाढेल. त्याचा वेगळा थर करून दाखवणे कठीणच! अणुभट्टीतले जड पाणी मात्र खरोखर जड असते, सुमारे 1.1.

तेलाचा थर पाण्यावर कायम राहतो, कारण ते दोघे मिसळतच नाहीत. साखरेचे थर मात्र मिसळू शकतात, फक्त फार हळू. साखरेचे रेणू पाण्यात सेंटिमीटरभर पसरायला साधारण एक दिवस लागतो. ग्लास न हलवता दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर रंगांच्या सीमा पुसट झालेल्या दिसतील. (असा शिळा ग्लास कोणाला पिऊ देऊ नका.)

या ग्लासाचा घरातल्या पैशांशी संबंध आहे, तो दुधामुळे. डेअरीचा लॅक्टोमीटर घनताच मोजतो. त्यावर 30 आकडा आला म्हणजे घनता 1.030. पाणी घातले की आकडा उतरतो, हे गवळ्याच्या पोरालाही ठाऊक असते. पण साय काढली की आकडा वाढतो, हे मात्र मुलांना सहसा पटत नाही. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो. तो काढून घेतल्यावर उरलेले दूध 1.035 च्या आसपास जाते. अशा एक लिटर दुधात सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे 165 मिलिलिटर पाणी घातले की आकडा पुन्हा 30! हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावे. एकट्या लॅक्टोमीटरने दुधाची पारख का होत नाही आणि फॅट वेगळी का तपासावी लागते, हे त्यातून आपोआप कळते. आता बऱ्याच संकलन केंद्रांवर यंत्र फॅट आणि एसएनएफचे आकडे छापून देते, भाव त्यावर ठरतो. तो कागद वर्गात आणायला सांगा.

प्रामाणिक दुधाचा आकडाही कधी कमी येतो. गरम द्रव प्रसरण पावतो, त्याची घनता घटते. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात. त्यामुळे धारोष्ण दूध लगेच तपासले तर पाणी न घालताही पाणी घातल्याचा संशय येऊ शकतो. दूध थोडा वेळ स्थिर ठेवून, लॅक्टोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणून किंवा तापमानाची दुरुस्ती करूनच आकडा वाचावा. मुलांना एकाच दुधाचा आकडा गरम असताना आणि निवल्यावर असा दोनदा घ्यायला सांगा, आणि दोन्ही वेळा थर्मामीटर वहीशेजारी ठेवा.