बाह्यरुग्ण केंद्रांतील कर्मचाऱ्यांची लसीकरण-नोंद (अमेरिका)

रुग्णास भरती न करता उपचार करणाऱ्या केंद्रांनी आपल्या किती कर्मचाऱ्यांनी लस घेतली हे शासनास कळवावे, यासाठी अमेरिकेत मेडिकेअर योजनेअंतर्गत केलेली तरतूद म्हणजे लसीकरण-नोंदीचे नियम होत. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो अशी शस्त्रक्रिया केंद्रे हे त्यांचे ठळक उदाहरण आहे. लस घेण्याची सक्ती आणि लसीकरणाची नोंद या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची नेहमी गल्लत होते.

==इन्फ्लुएंझा==
या केंद्रांसाठी इन्फ्लुएंझा लसीची नोंद १ ऑक्टोबर २०१४ पासून सुरू झाली. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात केंद्रात एक दिवस काम केलेली व्यक्तीही गणनेत येई. वेतनावरील कर्मचारी, स्वतंत्र परवानाधारक डॉक्टर, तसेच प्रौढ विद्यार्थी व स्वयंसेवक असे तीन गट केले जात. लस अन्यत्र घेतलेल्यांची, नाकारणाऱ्यांची व ज्यांची माहितीच नाही अशांची संख्याही वेगळी द्यावी लागे. नावे नव्हे, केवळ आकडे पाठवायचे असत. मुदत १५ मेपर्यंत.

लसीकरण अमुक टक्के असलेच पाहिजे, अशी अट नव्हती. दंड होता तो न कळविण्याचा: केंद्राच्या वार्षिक दरवाढीत २ टक्क्यांची कपात होई. म्हणजे अल्प लसीकरण प्रामाणिकपणे कळविणाऱ्या केंद्राचे पैसे कापले जात नसत, गप्प राहणाऱ्याचे कापले जात.

माहिती रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या (सीडीसी) संगणकीय जाळ्यावर भरावी लागे. रुग्णालये ते अन्य कामांसाठीही वापरत; छोट्या शस्त्रक्रिया केंद्रांना मात्र या एकाच आकड्यासाठी तेथे नोंदणी करून ती टिकवावी लागे. हा भार लाभाहून अधिक ठरल्याने २०१८ मध्ये ही नोंद रद्द करण्याचा निर्णय झाला.

==कोविड-१९==
जानेवारी २०२२ पासून तेच जाळे कोविड लसीच्या नोंदीसाठी परतले. आता हंगामाऐवजी प्रत्येक महिन्यातील किमान एका आठवड्याची माहिती द्यावयाची होती. वैद्यकीय कारणाने लस वर्ज्य असलेल्यांना टक्केवारीच्या हिशेबातून वगळले जाई.

सक्तीचा नियम वेगळा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये निघालेला हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी लागू राहू दिला आणि २०२३ मध्ये शासनाने तो मागे घेतला. सक्ती संपली तरी नोंद त्याच वेळी थांबली नाही. खाजगी डॉक्टरांचे दवाखाने मात्र या सक्तीच्या कक्षेत थेट कधीच नव्हते.