वेटरचा पगार आणि बडीशेपच्या ताटलीतले दहा रुपये

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना, नाही तर अंबड रस्त्याला, एखाद्या ढाब्यावर जेवायला बसा. पाणी आणून देणारं, शेवभाजीची ताटली ठेवणारं, भाकरी गरम आहे का म्हणून दोनदा विचारून जाणारं पोरगं कुठलं ते विचारून बघा. कुणी भोकरदनकडचं निघेल, कुणी मंठा-परतूरचं. बापाची जमीन कोरडवाहू, कपाशी-सोयाबीनचं गणित बसलं नाही, दहावी-बारावी झाली आणि पोरगं हॉटेलात लागलं. जेवण संपलं की बिल बडीशेपच्या ताटलीत येतं. दहाची नोट तिथं ठेवून आपण उठतो.

आता ती नोट म्हणजे आपली खुशी, की त्या पोराच्या पगारातला राहिलेला तुकडा? प्रश्न शहरी वाटेल. पण पोरं आपली आहेत, आणि ढाबा चालवणारा मालकही बऱ्याचदा आपल्यातलाच शेतकरी आहे, रस्त्याकडेची एकर-अर्धा एकर बिनशेती करून धंद्यात उतरलेला. म्हणून या पानावर याचा विचार व्हायला हवा.

कामावर ठेवताना बोलणं साधारण असं होतं: जेवून-खाऊन इतके, राहायला वरची खोली, बाकी वरकमाई तुझी. या 'वरकमाई'तच सगळी मेख आहे. वरकमाई आहे म्हटल्यावर पगार कमी ठरतो. लग्नसराईत आणि राजूरला अंगारकीची गर्दी असते तेव्हा चार पैसे बरे सुटतात. पावसाळ्यात रस्ता ओस पडला की ताटलीत बडीशेपच राहते. घरी पाठवायची रक्कम मात्र दर महिन्याला तेवढीच लागते. कृषी सेवा केंद्राची उधारी अंगारकी बघून थांबत नाही.

बरं, ही टिप मिळते कुणाला? जो पुढे येऊन वाढतो त्याला. आत भट्टीपुढे उभा असलेला आचारी, मोरीवर भांडी घासणारी बाई, टेबल पुसणारा पोऱ्या, यांच्या हाताला गिऱ्हाईक लागतच नाही. काही ठिकाणी डबा ठेवतात आणि रात्री सगळ्यांत वाटतात, ते चांगलं. त्यात मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत आली. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं, पैसे थेट मालकाच्या खात्यावर. सुटे परत यायचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे ताटलीत पडणारंही कमी झालं. कुणी बिलावर वीस रुपये जास्त टाकले तरी ते पोरापर्यंत पोचतात का, हे मालकाच्या मनावर.

कायद्याचं म्हणाल तर तो याबाबत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने टिपेची रक्कम मालकाची मानली नाही, ती कामगारांची ठरवली. २०१६ मध्ये आयटीसीच्या हॉटेलांबाबत प्राप्तिकराचा वाद गेला, तेव्हाही न्यायालयाने हेच धरलं की टिप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही, म्हणून तो मालकाने दिलेला पगार नव्हे. खटला कर कापण्याचा होता, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे. टिप पगार नसेल तर टिप दाखवून पगार कमी कसा ठरवता येईल? सरकारने ठरवलेलं किमान वेतन मालकाच्या गल्ल्यातूनच गेलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या जागी वेतन संहिता आली. किमान वेतन आता सगळ्याच धंद्यांना लागू आहे. दोन माणसांचा ढाबाही सुटत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. 'जेवून-खाऊन' म्हणून जे वस्तूरूपाने दिलं जातं, ते एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच पगारात मोजता येतं. दोन वेळच्या जेवणावर अर्धा पगार वळता करणं बसत नाही.

उलटी रीत बघायची तर अमेरिकेकडे बघा. टिप मिळवणाऱ्या कामगाराला तिथल्या केंद्रीय कायद्याने मालकाकडून तासाला फक्त २.१३ डॉलर द्यावे लागतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा, असं कायदा म्हणतो; पण तो फरक मागणार कोण? कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र पूर्ण किमान वेतन, आणि टिप वर. तिथली हॉटेलं काही बंद पडली नाहीत. या चालीमागे इतिहासही आहे. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या डब्यांत कृष्णवर्णीय नोकर ठेवले, तुटपुंज्या पगारावर आणि प्रवाशांच्या बक्षिसीवर. त्यांनी १९२५ मध्ये संघटना बांधली, आणि कंपनीकडून करार मिळवायला १९३७ उजाडलं.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. खळ्यावर रास उभी राहिली की बलुतं मागायला येणारा माणूस आणि सूप हातात धरलेला पाटील, हे चित्र जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. काम बारा महिने बांधलेलं, मोबदला देणाऱ्याच्या मनावर. पीक बुडालं तर बलुतंही बुडालं, आणि मन दुखावलं तर सूप अर्धंच भरलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाबाबतचं विधेयक आणलं, त्यात बलुत्याचं रूपांतर रोख करात करावं असं म्हटलं होतं. हात पसरून घेण्याऐवजी ठरलेली रक्कम मिळावी, एवढीच गोष्ट. ढाब्यावरच्या पोराला गिऱ्हाइकापुढे कसनुसं हसत उभं राहावं लागतं, ते याच जातीचं आहे. बायकांच्या वाट्याला तर यातून आणखीही काही येतं, ते इथे न लिहिलेलंच बरं.

मालकाचीही बाजू आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांबच्या गाड्यांना जुना रस्ता सोडायची सोय झाली. गॅस, तेल, डाळ महागली. पगार वाढवायचा तर थाळी पाच-दहा रुपयांनी महाग करावी लागेल, आणि शेजारच्याने केली नाही तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. खरं आहे. पण म्हणूनच किमान वेतन एका मालकाच्या दानतीवर न सोडता सगळ्यांना सारखं लागू असतं. आपण गिऱ्हाईक म्हणून थाळीला दहा रुपये जास्त दिले काय आणि ताटलीत दहा ठेवले काय, खिसा तेवढाच हलका होतो. फरक त्या पोराला पडतो.

ग्रामपंचायतीतल्या मंडळींना हे वेगळं समजावायला नको. गावचा पाणीपुरवठा कर्मचारी नळ सोडतो तो रोज, पण त्याच्या वेतनाची सांगड करवसुलीशी घातली गेली, तेव्हा काय ओरड झाली ते आठवा. लोकांनी पट्टी भरली नाही यात त्याचा काय दोष? वेटरचंही तेच. भाजी खारट झाली आचाऱ्याच्या हातून, टिप बुडाली वाढणाऱ्याची.

पाडव्याला सालगडी ठरवताना आपण साल किती, ज्वारी किती, कपडे-चपला, उचल किती, सगळं चारचौघांत बोलून घेतो. पोरगं हॉटेलात पाठवताना मात्र बाप फक्त जेवणाचं विचारतो. पगार किती, खात्यावर की हातात, सुट्टी कोणती, जादा तासाचे पैसे, टिपेचा डबा आहे का, एवढं पहिल्याच दिवशी विचारावं, आणि हजेरीची एक वही पोराने स्वतःजवळ ठेवावी. पोरगं चौदाच्या आतलं असेल तर कामाला लावूच नये, तो गुन्हाच आहे. पगार बुडाला तर जालन्यात सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. नव्या संहितेत असा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि तिथे ती हजेरीची वही कामी येते.