स्कुबाचे सिलिंडर गाळ्यात ठेवताय? आधी हे वाचा

परवा रोह्याचा एक भाऊ दुकानात आला. मालवण-तारकर्लीच्या स्कुबावाल्यांना सिलिंडर भाड्याने द्यायचा त्याचा विचार आहे. पावसाळ्यात तिकडे काम बंद, तेव्हा माल इकडे गाळ्यात ठेवायचा. आयडिया वाईट नाही. पण जाता जाता म्हणाला, "सर, एक-दोन नग स्कूटरवर पण नेता येतील ना?"

नाही! गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार दाबाखालचा भरलेला सिलिंडर दुचाकीवर नेताच येत नाही.

लोक याला सर्रास ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. आत असते साधी हवा, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. किती दाबून? कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय असतो, इथे ३०००. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, रिकामा १४ किलोच्या आसपास, आणि भरल्यावर त्यात पावणेतीन किलो नुसती हवा. तो आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला, तर ही सगळी हवा एका भोकातून सुटते आणि सिलिंडर बाणासारखा पळतो. समोर भिंत आहे की माणूस, हे त्याला कळत नाही.

म्हणून गाडीत सिलिंडर उभा ठेवायचा नाही. आडवा ठेवा, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावा, पट्ट्याने आवळा, व्हॉल्व्हवर काही आपटणार नाही असं बघा. पेणहून मालवण चारशे किलोमीटरच्या आसपास. हायवेवरचे खड्डे तुम्हाला मी काय सांगणार! शक्य असेल तर रिकामेच न्या, तिथे भरून घ्या. रिकामे म्हणजे अगदी शून्य नाही हं, दहा-वीस बार दाब आत राहू द्या. व्हॉल्व्ह उघडा राहिला की दमट हवा आत शिरते आणि सिलिंडर आतून खराब होतो. बाहेरून चकाचक दिसतो, हीच गंमत.

गाळ्यात मात्र उभे ठेवायचे, साखळीने बांधून, फळीवर. ओल्या लादीवर नको. आपल्याकडच्या पावसात तर नकोच, आणि कुंडलिकेचं पाणी ज्या भागात चढतं तिथे खालच्या मजल्यावरही नको. ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवा आणि बुडाचा रबरी बूट काढून धुवा. खारं पाणी तिथेच अडकतं, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पत्र्याखाली, उन्हात ठेवू नका. २० अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना २२५ च्या वर जातो.

सेकंडहँड घेताना खांद्यावरचे ठसे वाचा. शेवटची हायड्रो टेस्ट कधी झाली ते तिथे कोरलेलं असतं. ६३५१ मिश्रधातूचा जुना अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा, त्यांच्या मानेत भेगा पडल्याची उदाहरणं आहेत. आगीत सापडलेला किंवा भट्टीत रंगवलेलाही नको.

स्वतः भरायचा विचार असेल तर 'पेसो'चं लायसन्स लागतं, मुख्य कार्यालय नागपूरला आहे. साठ्याचा नियमही त्यांनाच विचारा, आणि गाळा भाड्याने घेण्याआधी विचारा. त्या भावाने डिपॉझिट आधीच भरलंय. आता मालकाला सिलिंडरचं कसं सांगायचं, या विचारात आहे.