माळरान पडीक नव्हे

सह्याद्रीने पावसाळी ढग अडवल्यामुळे त्याच्या पूर्वेला जो कोरडा पट्टा, म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, तेथील पुणे, अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतील माळराने ही उष्णकटिबंधीय सव्हानाच होत. सव्हाना म्हणजे सलग गवताचा व विरळ झाडांचा असा मुलूख, जिथे झाडांचे माथे एकमेकांना भिडत नाहीत आणि ऊन थेट जमिनीवर पडते. अशा माळाला जंगल तुटून उरलेली उजाड जागा समजणे ही मोठी चूक आहे, कारण उथळ मुरमाड जमीन, लांबलेला उन्हाळा आणि चराई यांच्याशी जुळवून घेतलेली ही स्वतंत्र जीवसृष्टी आहे.

कुसळी गवताचे उदाहरण पाहावे. त्याच्या बीला असलेले लांब कुसळ कोरड्या हवेत पीळ घेते, ओल लागताच तो पीळ सुटतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. मेंढपाळाला टोचणारे कुसळ म्हणजे गवताने स्वतःची केलेली पेरणीच असते.

प्राण्यांचे जगणेही मोकळ्या नजरेवर अवलंबून आहे. काळवीट झुडपात दडत नाही, तर शत्रूला लांबूनच हेरून वेगाने पळते. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक व चंडोल यांचेही घर हेच. सर्वांत हलाखीची स्थिती माळढोकाची आहे. या पक्ष्याच्या नराचे वजन 15 किलोपर्यंत भरते, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची वीजवाहक तार त्याला वेळेत दिसत नाही; दिसली तरी एवढे जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तरी आज देशात उरलेले जेमतेम दीडशेच्या आतले माळढोक मुख्यतः राजस्थानात आहेत.

इंग्रजी अमदानीत शेतसारा न देणाऱ्या जमिनीवर ‘पडीक’ असा शिक्का बसला व तीच दृष्टी पुढे टिकून राहिली. म्हणून माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ यांची दाट लागवड करणे आजही पुण्यकर्म वाटते, जरी त्या सावलीत उन्हावर वाढणारे गवत खुरटते आणि गवतावर जगणारे प्राणी हटतात. झाडे जरूर लावावीत, पण खड्डे खणण्यापूर्वी त्या माळावर कोणते गवत उगवते, हे तिथे मेंढरे चारणाऱ्या धनगराला एकदा विचारावे.