माकड आपण होऊन पाय पुढे करते तेव्हा

सांचीच्या पश्चिम तोरणावर महाकपी जातकाचा प्रसंग कोरलेला आहे. वानरांचा राजा नदीवर स्वतःच्या देहाचा पूल करतो आणि आपल्या कळपाला पलीकडे पोहोचवतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातही ही कथा चितारलेली आहे. त्या जन्मी बोधिसत्त्व वानर होते, अशी आपली परंपरा सांगते. म्हणून प्रयोगशाळेतील माकडांचा विषय आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना परका वाटू नये.

काही लसी व औषधे माणसाला देण्यापूर्वी माकडांवर तपासली जातात. यासाठी भारतातून ऱ्हीसस जातीची लाल तोंडाची माकडे फार मोठ्या संख्येने परदेशी जात. १९७८ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिन लशीची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर घेतली. असे प्रयोग असावेत की नसावेत, हा वाद मोठा आहे. येथे त्यातला एक लहान प्रश्न घेऊ. माकडाचे रक्त कसे घेतात?

जुनी रीत दांडगाईची. पिंजऱ्याची मागची भिंत पुढे ओढून माकडाला गजांशी दाबायचे, किंवा जाळीत पकडून दोघा-तिघांनी धरून ठेवायचे. माकड किंचाळते, चावते. भीतीमुळे त्याच्या रक्तात कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक वाढते. मग तपासणीत आजाराचा परिणाम किती आणि धसक्याचा किती, हे कसे ओळखणार? म्हणजे ही रीत दयेच्याच नव्हे, विज्ञानाच्या कसोटीलाही उतरत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे व्हिक्टर राइनहार्ट या प्राणिवैद्यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या सुमारास वेगळी वाट दाखवली. माकडाला स्वतःच्याच पिंजऱ्यात राहू देऊन, पाय पुढे करायला शिकवून त्यांनी रक्त घेतले. जखडून रक्त घेतलेल्या माकडांत कॉर्टिसोल स्पष्ट वाढले. पिंजऱ्यात रक्त घेतलेल्यांत तशी वाढ दिसली नाही.

ही शिकवणी सोपी आहे, पण धीराची आहे. आरंभी शिक्षक नुसता जवळ बसतो व मनुका देतो. माकड हातातून खाऊ लागले की पायाला हलका स्पर्श, लगेच मनुका. पुढे पाय बाहेर काढला तरच मनुका. मग ओला कापूस, मग सुईविना सिरिंज, आणि सर्वांत शेवटी सुई. अनेक ठिकाणी ‘टिक्’ असा आवाज करणारी छोटी डबी वापरतात. नेमक्या कोणत्या कृतीसाठी खाऊ मिळाला, हे माकडाला त्या आवाजावरून कळते. दोन माकडे एकत्र असतील तर दांडगे माकड दुबळ्याचा खाऊ हिसकावते. तेव्हा दांडग्याला दुसऱ्या कोपऱ्यात शांत बसण्याबद्दल खाऊ द्यावा लागतो. (आपल्या बालवर्गातही हेच करावे लागते!)

काही ठिकाणी माकडाला उपाशी किंवा तहानलेले ठेवून काम करून घेतात. त्याला राजीखुशी म्हणता येणार नाही.

मग पोटभर जेवलेल्या माकडाने मनुक्यासाठी पाय पुढे केला, ही तरी संमती झाली काय? माझ्या मते नाही. लस कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नाही आणि पिंजऱ्याचे दार त्याच्या हाती नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. माकडाची चेतना मनुक्यापुरती असते. प्रयोगाचे कर्म प्रयोग करणाऱ्याचेच राहते. पंचशीलातील पहिल्या शीलाचा प्रश्न मनुक्याने सुटत नाही. मात्र भीती कमी होते, ही गोष्ट लहान नव्हे. जो प्राणी ते भय भोगतो, त्याच्या दृष्टीने तर मुळीच नव्हे.

या रीतीची खरी परीक्षा माकड नकार देते त्या दिवशी होते. ते कोपऱ्यात बसून राहते, पाय पुढे करत नाही. चांगला शिक्षक सुई आवरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आजच रक्त हवे म्हणून मागची भिंत ओढली, तर कित्येक दिवसांनी जमलेला विश्वास जातो आणि शिकवणी पुन्हा पहिल्या मनुक्यापासून सुरू करावी लागते.