चेनला सोडचिठ्ठी

2008 साली एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली आणि तिचा विषय चक्क दहीहंडी होता, हे वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला माहीत असतं. पण मोटारीची ताकद चाकापर्यंत कशी पोचवायची, हा प्रश्न सहसा चेसिस तयार झाल्यावर पडतो. मग कोणीतरी सायकलच्या दुकानातून चेन घेऊन येतो. यंदाचं ड्रॉइंग अजून कागदावरच आहे, म्हणून हा खटाटोप.

चेन स्वस्त, दणकट आणि हव्या त्या मापाला तोडता येणारी. पण ती सैल पडते. लोक म्हणतात ताणली. खरं तर आतल्या पिना आणि बुश झिजतात. 100 सांध्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा 0.05 मिमी झिजला तरी 5 मिमी ढिलाई आलीच. रोबो मागे-पुढे झाला की आधी ही ढिलाई भरते, मग चाक फिरतं. एन्कोडर मोटारीवर असेल तर तो खुशाल खोटं सांगतो. शिवाय चेनचं तेल चाकावर उडालं की पकड गेली!

टायमिंग बेल्टच्या आत काचेच्या धाग्यांचे दोर असतात. तो जवळजवळ ताणतच नाही, तेल मागत नाही, वजनाला हलका. अट एकच. तो अखंड असतो, कापून जोडता येत नाही. म्हणजे शाफ्टमधलं अंतर आधी काढायचं. दोन्ही पुली सारख्या असतील तर गणित दहावीचं आहे: बेल्टच्या लांबीतून एका पुलीचा परीघ वजा करा, उरलेल्याला 2 ने भागा. 600-5एम बेल्ट म्हणजे लांबी 600 मिमी, दात 5 मिमी अंतरावर. 24 दातांची पुली घेतली तर परीघ 120. अंतर आलं 240 मिमी.

आता ताकद. 30 किलोचा चार चाकी रोबो, चाक 100 मिमी व्यासाचं, घर्षणांक 1 धरला तर प्रत्येक चाक घसरण्यापूर्वी साधारण 3.7 न्यूटन-मीटर टॉर्क घेतं. 24 दातांच्या पुलीवर बेल्टला ओढ बसते सुमारे 190 न्यूटन. जागा वाचवायला 18 दातांची पुली लावलीत तर तीच ओढ 257! आणि धक्काबुक्कीत वजन मागच्या चाकांवर गेलं की आणखी वाढते. म्हणून पुली मोठी घ्या आणि बेल्ट 9 ऐवजी 15 मिमी रुंदीचा. बेल्ट सहसा तुटत नाही, तो सैल असला की दात उडी मारतात. लहान पुलीवर निदान 6 दात तरी अडकलेले हवेत.

दुकानात एक फसगत ठरलेली. एक्सएल बेल्टचे दात 5.08 मिमीवर असतात, 5एमचे 5 वर. नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. दातांचा आकार बघा: एक्सएलचे चपटे, 5एमचे गोलसर. आणि बॅगेत कोंबताना बेल्टची घडी घालू नका, आतले दोर तुटतात.

खूप लांबचं अंतर, किंवा आयत्या वेळी शाफ्ट सरकवायची शक्यता असेल तर मीही चेनच लावीन. बेल्ट बदलायला शाफ्ट उघडावा लागतो आणि सामना अवघ्या 3 मिनिटांचा. त्यावर एक युक्ती आहे: जोडणीच्या वेळीच एक जादा बेल्ट शाफ्टवरून घालून, फिरत्या भागांना लागणार नाही असा चेसिसला टायने बांधून ठेवायचा.