आधी एमएसडब्ल्यू, मग एलएलबी

गटाच्या बैठकीत बीए झालेल्या मुली विचारतात, “ताई, एमएसडब्ल्यू करू की एलएलबी?” दोन्ही करता येतं, पण एकामागून एक. एमएसडब्ल्यूची दोन वर्षं, पदवीनंतरच्या एलएलबीची तीन, एकूण पाच. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे. पण बार कौन्सिलच्या नियमाने एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवी चालत नाही.

मग एवढी वर्षं कशाला घालवायची? घरात मार खाणारी बाई आधी बोलायलाच घाबरते. तिला बोलतं कसं करायचं, ते समाजकार्यात शिकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिच्यासाठी संरक्षण, निवारा, खर्च कसा मागायचा, ते एलएलबीत.

एक गोष्ट आधीच ठरवा. वकिलीची सनद घेऊन प्रॅक्टिस करायची, तर संस्थेत पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरीच हवी असेल, तर कायद्याचं ज्ञान सल्ला द्यायला उपयोगी पडेल. कोर्टात उभं राहायला नाही.

आणि जिला आजच वकील हवा आहे, तिने कुणाच्या पदवीची वाट पाहू नये. जळगाव असो की धुळे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.